खोली बघायला आलेले

पावणेसहाला पोचले, तर रांग खाली
पोस्टाच्या हिरव्या पेटीपर्यंत आलेली.
कॉर्कमधली ही माझी या आठवड्यातली तिसरी.
गल्ली चढाची आहे, त्यामुळे पुढच्यांचे चेहरे दिसत नाहीत,
झिजलेल्या टाचा तेवढ्या दिसतात.

माझ्या हातात फाइल.
तीन पगारपत्रकं. जुन्या घरमालकिणीची चिठ्ठी:
भाडं वेळेवर, आवाज नाही, मांजर नाही.
आणि सगळ्यात खाली, कुणी मागितलेलं नसताना,
डॉक्टरेटचं लॅटिन प्रमाणपत्र.
सात वर्षं मी समुद्री शेवाळाचा श्वास मोजला.
अजून मोजते, अकरा महिन्यांच्या करारावर.
बाराव्या महिन्यात स्वतःचा.

माझा बाप फिंटन चौदाव्या वर्षी शाळेतून उठला
आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा केला.
सव्विसाव्या वर्षी त्याने घर घेतलं,
दोन खोल्या आणि एक खोलीसारखं काहीतरी.
त्या खोलीसारख्या काहीतरीत माझा पाळणा होता.
आता तिथे माझा पलंग आहे,
दार अर्धंच उघडतं,
सदतिसाव्या वर्षी मी घरात तिरकी शिरते.

शीक, म्हणायचा तो,
नखांतलं सिमेंट साबणाने धूत,
शीक, म्हणजे कुणी तुला बाहेर उभं करणार नाही.
लिहून कुणीच दिलं नव्हतं.
कुठल्या कागदावर सही नाही, शिक्का नाही,
फक्त त्या नळाच्या आवाजावरून येणारा त्याचा आवाज,
आणि मी त्यावर सगळं तारुण्य काढलं, उधारीवर.
परवा टोस्टला लोणी लावताना त्याने विचारलं,
तुला शिकवून चूक केली का गं मी?
मी नाही म्हणाले.
तो लोणी लावत राहिला, टोस्ट मोडेपर्यंत.

पुढे वितौतस. भुवईत पीठ. बेकरीची रात्रपाळी.
त्याची मुलगी त्याच्या पाठीवर वही टेकवून गणितं सोडवतेय,
आणि तो श्वास रोखून उभा आहे,
अक्षर हलू नये म्हणून.
सात आठे? तिने मला विचारलं.
छप्पन्न.
हुशार आहे, तो मान न वळवता म्हणाला,
शिकेल. तिला असं उभं राहावं लागणार नाही.

माझ्या तोंडाशी काय काय आलं.
मी फाइल दुसऱ्या हातात घेतली.

खरं सांगू, तासभर मनात मी हाच हिशोब मांडत होते:
इतकं शिकले, इतकं राबले, मला तरी मिळायला हवं.
त्यातल्या "तरी"पाशी आता अडखळले.
पदवी हे छपराचं मोल असेल
तर सकाळचा पाव भाजणाऱ्याने झोपायचं कुठे?
आणि राबणं हे मोल असेल
तर या माणसाची पाठच बघा,
दिवसभर ओझं, संध्याकाळी बाक.

एजंटबाई आल्या, किल्ल्या वाजवत.
सगळ्यांनी एकदम कॉलर सारखी केली.
आणि माझ्या हाताने, मला न विचारता,
तळातला लॅटिन कागद वर काढून ठेवला.

चार-चार जणांना आत सोडत होत्या.
खिडकी एक, तीही शेजारच्या भिंतीकडे.
मुलगी म्हणाली, माझं टेबल इथे.
तिला कुणी गप्प केलं नाही.
मी भिंतीवर तळवा फिरवला, सवयीने,
बापाची लेक म्हणून येतं मला एवढं:
वरून खाली अंगठाभर कलली होती.

रात्री तिरकी होऊन शिरले तेव्हा
तो जिन्यात उभा होता, दिवा न लावता.
खोली मिळाली का, असं तो विचारत नाही.
भिंत कशी होती?
ओळंब्यात नव्हती, मी म्हणाले.
त्याने मान हलवली, गंभीरपणे,
एक कारागीर दुसऱ्याचं काम नापास करतो तशी.
मग नकोच ती, म्हणाला.
मीही म्हणाले, हो ना, नकोच.